प्रौढांचा वर्ग टिकवायचा असेल तर: पाटी हातात देण्याआधी आणि नंतर, क्रमाने

वर्ग सुरू करणाऱ्यांचे फोन मला साधारण तिसऱ्या आठवड्यात येतात. पहिल्या दिवशी बावीस बायका आल्या होत्या, नारळ फुटला, पाट्या वाटून झाल्या आणि आता चारच येतात. "त्यांना शिकायचंच नाही हो," हे वाक्य शेवटी हमखास असतं. मग मी तीन प्रश्न विचारते. वर्ग किती वाजता भरतो? बसतात कशावर? आणि किती जणींना चष्मा आहे? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा पलीकडून उत्तरच येत नाही.

लिहिता-वाचता न येणाऱ्या मोठ्या माणसांचा दहा-बारा जणांचा वर्ग वस्तीत किंवा गावात चालवू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मी आधी पुण्यातल्या एका वस्तीत घरकाम करणाऱ्या बायकांबरोबर आणि नंतर साताऱ्याकडच्या एका गावात हे काम केलं. खालचा क्रम चुका करत करतच बसला आहे. पहिले चार टप्पे पाटी हातात घेण्याआधीचे आहेत. लोक नेमके तेच गाळतात.

## टप्पा १: घरोघरी जा, पण "शिकणार का?" असं विचारू नका

"शिकणार का?" याचं उत्तर ठरलेलं: "आता या वयात कशाला?" त्याऐवजी "कुठे अडतं?" असं विचारा. मग बोलणं थांबत नाही. गोळ्यांची पाकिटं सारखीच दिसतात, सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली ते कळत नाही. बसची पाटी दुसऱ्याला विचारावी लागते. मालकीण खाडे जास्त धरते, पण आपल्याकडे लिहिलेलं काही नसतं. मोबाइलवर मेसेज आला की तो गॅसचा, बँकेचा की कुणा फसवणाऱ्याचा हे नातवाला विचारावं लागतं, आणि नातू म्हणतो, "नंतर सांगतो."

हे सगळं त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या. पंधरा घरं, दोन दुपारी, तेवढं पुरतं. हाच तुमचा अभ्यासक्रम. पुढे शब्द कुठून आणायचे हा प्रश्न पडला की ही वही उघडायची.

त्याच फेरीत आणखी चार गोष्टी टिपा: बारीक अक्षर दिसतं का, मांडी घालून बसता येतं का, लहान मूल अंगावर आहे का, आणि घरात कोण कुरकुर करेल. कुरकुर करणारा सहसा नवरा नसतो, सासू असते किंवा दहावीतला मुलगा. त्यांच्याशी तेव्हाच बोला.

जपून: फलकावर, यादीवर किंवा बोलण्यात "निरक्षर", "अडाणी" हे शब्द नकोत. "अंगठेबहाद्दर" तर गमतीतही नको. आमच्या पहिल्या फलकावर "निरक्षर महिला वर्ग" असं ठळक छापलं होतं. त्या दारातून आत जाणं म्हणजे गावासमोर कबुली देणं, हे कळायला आम्हाला महिना लागला. नंतर नुसतं "दुपारचा वर्ग" लिहिलं.

जपून: केंद्र सरकारच्या "उल्लास" नवभारत साक्षरता कार्यक्रमात (२०२२ ते २०२७) १५ वर्षांवरच्या कुणाचीही नोंद करता येते आणि शिकवणारे स्वयंसेवक बिनपगारी असतात. नोंद जरूर करा, पण पहिल्याच भेटीत आधार कार्ड मागू नका. कागद मागितला की वस्तीत पहिली शंका येते रेशनची आणि दुसरी घराची.

## टप्पा २: वेळ त्यांच्या दिवसात शोधा

तुम्हाला ऑफिसनंतर साडेसात जमतं, म्हणून वर्ग साडेसातला ठेवू नका. त्या वेळी चूल किंवा गॅस पेटलेला असतो.

घरकाम करणाऱ्या बायकांचा मोकळा वेळ सकाळची कामं संपल्यावर आणि संध्याकाळची भांडी सुरू होण्याआधी असतो, साधारण अडीच ते चार. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी योगेंद्र बांगर या जिल्हा परिषद शिक्षकांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली, ती दुपारी दोन ते चार या वेळेत. घरचं आवरलेलं असतं आणि नातवंडं यायची असतात. शेतमजुरांना मात्र ही वेळ चालणार नाही. त्यांच्यासाठी जेवणं झाल्यावर, साडेआठ ते साडेनऊ. पुरुषांचा वर्ग असेल तर कामावरून आल्यावर लगेच, घरी जाऊन पाठ टेकायच्या आत. एकदा टेकली की उठत नाही, आणि काहींची पावलं वेगळ्या दुकानाकडे वळतात.

वेळ ठरवण्याआधी हे विचारून घ्या:

- नळाला पाणी किती वाजता येतं? पाण्याच्या वेळेवर वर्ग ठेवला तर तो फक्त तुमचाच वर्ग.
- आठवडी बाजार कोणत्या वारी? त्या दिवशी सुट्टी.
- पेरणी, काढणी, ऊसतोडीला जाणं, लग्नसराई, वारी यांत कोणते महिने जातात?

ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि उन्हाळा लागताना परततात. त्या गावात नोव्हेंबरमध्ये वर्ग काढून काहीच हाती लागत नाही.

आठवड्यातून पाच दिवस, रोज सव्वा तास. दोन तास ठेवू नका. शेवटचा पाऊण तास फक्त डुलक्या आणि चुळबुळ.

पडताळा: ठरलेल्या वेळी सलग तीन दिवस वस्तीत चक्कर मारा. यादीतल्या किती जणी तेव्हा दारात बसलेल्या दिसतात? निम्म्याही दिसल्या नाहीत तर वेळ चुकली आहे.

## टप्पा ३: जागा

जागेबद्दल पहिला प्रश्न छप्पर किंवा पंख्याचा नसतो. त्या वेळी दाराबाहेर कोण बसतं, हे आधी बघा. समाजमंदिर छान आहे, मोठं आहे, फुकट आहे. पण त्याच्या ओट्यावर दुपारी पत्त्यांचा डाव बसत असेल तर गावच्या सुना डोक्यावर पदर ओढून त्या माणसांसमोरून रोज वही घेऊन जाणार नाहीत. आम्ही सहा आठवडे हे सहन केलं आणि मग एकीच्या मागच्या पडवीत गेलो. जागा अर्धी झाली आणि हजेरी दुप्पट.

बालवाडीची खोली मिळाली तर भिंतीवरची चित्रं झाका. कार्टूनच्या सशासमोर बसून साठीची बाई मनापासून शिकत नाही. लहान मुलांचे बाक तर मुळीच वापरू नका. मांड्या अडकतात, उठताना आधार लागतो आणि तो मागावा लागतो.

बसणं अर्धगोलात. ओळी केल्या की मागची ओळ पहिल्या दिवसापासून मागेच राहते. दोन-तीन जागा भिंतीला टेकून आणि तीन-चार खुर्च्या गुडघेदुखीवाल्यांसाठी. "खुर्ची हवी का?" असं विचारू नका, सगळ्या "नको" म्हणतील. आधीच मांडून ठेवा आणि पहिल्या खुर्चीवर तुम्ही बसा. खाली बसणाऱ्यांना मांडीवर ठेवायला जाड फळी द्या, नाहीतर अर्ध्या तासात मान आखडते.

उजेड डावीकडून यावा, म्हणजे उजव्या हाताची सावली अक्षरावर पडत नाही. फळ्यावर ट्यूबची चमक येते का ते सगळ्यात कडेच्या जागेवर बसून बघा. पाण्याचा माठ आणि जवळ संडास, याचा कुणी उल्लेख करणार नाही, पण नसेल तर येणं बंद होईल. मुलं बरोबर येणारच. त्यांना सांभाळायला एखादी कॉलेजातली मुलगी शेजारच्या खोलीत बसवा.

जपून: शाळेत जाणाऱ्या मुलांना शिकवण्याच्या खोलीत येऊ देऊ नका. आमच्याकडे एका आजींच्या तिसरीतल्या नातवाने दारातून ओरडून सांगितलं, "आजी, तो घ नाही, ध आहे!" सगळे हसले, आजीही हसल्या. पुढे आठ दिवस त्या आल्या नाहीत.

## टप्पा ४: डोळे आणि हात

हा टप्पा वाचून सोडून देऊ नका. गळतीचं मला सापडलेलं सगळ्यात मोठं कारण इथेच आहे.

चाळिशी ओलांडली की जवळचं धूसर होतं. म्हणून तर आपण त्याला चाळिशी लागणं म्हणतो. वाचणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं, कारण पेपर लांब धरावा लागतो. ज्याने कधी वाचलंच नाही त्याला अक्षर कसं स्पष्ट दिसायला हवं हेच माहीत नसतं. पुस्तकात करडे ठिपके दिसतात, आणि ती बाई समजते की आपलं डोकं चालत नाही. "माझ्या डोक्यात शिरत नाही" म्हणणाऱ्या निम्म्या बायकांच्या डोळ्यांतच ते शिरत नव्हतं, असं मला वाटतं.

तपासायची सोपी पद्धत: "तांदूळ निवडताना खडा दिसतो का? सुईत दोरा कोण ओवतं?" दोरा मुलगी ओवत असेल तर चष्मा हवा. वेगवेगळ्या नंबरांचे चार-पाच तयार वाचनाचे चष्मे आणून ठेवा. चाळिशीत साधारण १ ते १.५, पन्नाशीत २ च्या आसपास आणि साठीत २.५ पर्यंत नंबर लागतो. हातभर नाही, वितीच्या दुप्पट अंतरावर कागद धरायला सांगा आणि एकेक लावून बघा. कुठला नंबर लागला तो वहीत लिहा. चष्मे वर्गातच ठेवलेले बरे, घरी गेले की ते घरातल्या सगळ्यांचे होतात.

मला आठवते ती एक मावशी, बावन्न-त्रेपन्नच्या. तीन आठवडे त्या पाटीवर नुसत्या रेघा ओढत होत्या. २ चा चष्मा लावला तेव्हा त्यांनी आधी पुस्तकाकडे बघितलंच नाही. स्वतःचा हात उलटा-सुलटा करून बघत बसल्या. म्हणाल्या, "बाई, भेगा केवढ्या झाल्यात." पुस्तक त्यानंतर उघडलं.

जपून: लांबचंही धूसर दिसत असेल, दिव्याभोवती वलयं दिसत असतील, मधुमेह असेल किंवा एकाच डोळ्याने कमी दिसत असेल, तर तयार चष्म्यावर भागवू नका. ग्रामीण रुग्णालयात किंवा नेत्रशिबिरात तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर आधी तो, मग बाराखडी.

आता हात. ज्या बोटांनी तीस वर्षं विळा, खराटा किंवा थापी धरली त्यांना बारीक पेन्सिल धरणं म्हणजे काडी धरणं. त्या इतक्या दाबून धरतात की दहा मिनिटांत अंगठा दुखतो. जाड खडू किंवा जाड पेन्सिल द्या. जाड मिळाली नाही तर पेन्सिलीला कापडाची पट्टी गुंडाळा. पाटीवरची पेन्सिल मला आवडत नाही, काळ्यावर करडी रेघ थकलेल्या डोळ्यांना दिसत नाही. पाटी वापरायचीच तर पांढऱ्या खडूने. नाहीतर जुन्या दिनदर्शिकेच्या पानांच्या कोऱ्या बाजूवर काळं स्केचपेन. फुकट, मोठं आणि ठसठशीत.

पहिले दोन दिवस नावाची पट्टी गिरवण्यापलीकडे अक्षर नकोच. ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई उभी, आडवी, तिरकी आणि गोल रेघ तुमच्यापेक्षा सरळ काढते. तिला ठिपके द्या आणि नंतर रांगोळीच्या चिमटीने ग काढायला सांगा. गवंडीकाम करणाऱ्या काकांना शिरोरेघ म्हणजे लाइनदोरी असं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही.

## टप्पा ५: पहिली दुपार

उद्घाटन नको. पाहुणे नकोत, फोटो नकोत. आमच्याकडे एकदा मदत देणाऱ्या एका संस्थेचे लोक आले आणि त्यातल्या एकाने कौतुकाने एका आजींना फळ्याजवळ बोलावून वाचायला सांगितलं. आजींना ते अक्षर येत होतं. पण सगळ्यांसमोर तोंड उघडेना. मोबाइल समोर धरलेले होतेच. दुसऱ्या दिवशी त्या आणि त्यांच्या गल्लीतल्या आणखी तिघी आल्या नाहीत.

त्या दिवसाचा क्रम असा ठेवा:

1. पहिली दहा मिनिटं गप्पा. पाऊस, पाणी, कुणाच्या लेकीचं बाळंतपण. तुम्ही ऐकायचं.
2. नावं. प्रत्येकीला कशी हाक मारलेली आवडेल ते विचारा. तुम्ही पंचविशीचे असाल आणि समोर साठीच्या आजी, तर "आजी, तुम्ही". "अगं, लिही की" असं तोंडातून गेलं की संपलं. आणि "अमक्याची आई", "तमक्याची बायको" इथे नको. कित्येक जणींना स्वतःचं नाव वर्षानुवर्षं कुणी मोठ्याने घेतलेलं नसतं.
3. त्यांना काय येतं ते मोजा. "पावणेदोनशेत चाळीस मिळवले तर?" भाजी विकणारी तुमच्याआधी सांगेल. चिन्हंही त्या ओळखतात: रुपयाचं चिन्ह, दवाखान्याची लाल खूण, डब्यावरचं तेलाचं नाव. हे आधीच वाचणं आहे, असं सांगा.
4. स्वतःचं नाव. जाड अक्षरात प्रत्येकीच्या नावाची एक पट्टी आधी तयार ठेवा. ती गिरवायची आणि घरी न्यायची.
5. वेळेआधी पाच मिनिटं सोडा. पहिल्या दिवशी "अजून थोडं" असं त्यांनी म्हणायला हवं.

हजेरी पुकारू नका. हजेरीचा कागद फिरवा आणि प्रत्येकीने आपल्या नावापुढे पट्टीत बघून नाव लिहावं. तीन महिन्यांत साठेक वेळा नाव लिहून होतं, वेगळा सराव नको.

जपून: सासू-सून एकाच वर्गात असतील तर त्यांना लांब बसवा, शक्यतो वेगळ्या गटात. सासूच्या आधी वाचून दाखवणं सुनेला परवडत नाही. येत असूनही ती गप्प बसते आणि तुम्ही तिला कच्ची समजता.

## टप्पा ६: रोजचा सव्वा तास आणि अक्षरांचा क्रम

"अ अननसाचा" इथून सुरुवात करू नका. ज्या बाईने आयुष्यात अननस विकत घेतला नाही तिला तो कशाला? शिवाय अ ते ज्ञ या क्रमाने गेलं तर पहिला उपयोगी शब्द हाती यायला दोन महिने लागतात. तेवढा धीर कुणाकडे नसतो.

थोडी अक्षरं आणि लगेच शब्द. माझा पहिला संच: न, म, ग, र, ब, स आणि काना. एवढ्यातच बस, बारा, गरम, नगर, सासर, सामान, बाबा, मामा हे शब्द येतात. दुकानाच्या चिठ्ठीसारखं "सामान बारा नग" असं वाचता येतं. दुसरा संच: प, क, त, ल, ण आणि दुसरी वेलांटी. पहिली वेलांटी मुद्दाम मागे ठेवते, कारण ती बोलताना नंतर येते आणि लिहिताना आधी. मोठी माणसं तिथे हमखास अडखळतात.

दुसऱ्या संचाच्या शेवटी मी फळ्यावर लिहिलं: "मालकीण, पगार बाकी." एकीने अक्षर अक्षर जोडत वाचलं. "मा... ल... की... ण." मग थांबली, पुढचं तिने मनात वाचलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. बाकीच्या म्हणाल्या, "काय गं, काय लिहिलंय?" ती सांगेना. मग एकेकीने वाचायला घेतलं. त्या दिवशी सव्वा तासाचा दोन तास झाला, आणि दोन तास नकोत हा माझाच नियम मोडला.

रोजचा साचा साधारण असा:

- १० मिनिटं गप्पा, हजेरीचा कागद
- १५ मिनिटं कालचे शब्द, आधी सगळ्यांनी मिळून, मग जोडीने
- २० मिनिटं नवं, एका दिवशी जास्तीत जास्त दोन अक्षरं
- २० मिनिटं लिहिणं
- १० मिनिटं एक खरा कागद: गोळ्यांचं पाकीट, वीजबिल, लग्नपत्रिका, एसटीचं तिकीट

चहा ठेवायचा तर शेवटी. सुरुवातीला ठेवला की वर्ग चहाच्या वेळेला सुरू होतो.

सारखी दिसणारी अक्षरं एकाच आठवड्यात शिकवू नका. घ-ध, भ-म, थ-य, प-ष यांच्यात किमान दहा दिवसांचं अंतर. "ख" लिहिताना "र" आणि "व" वेगळे पडले की "खा" चा "रवा" होतो, तेवढं दाखवून ठेवा. मोबाइलवर ल आणि श बऱ्याचदा हिंदी वळणाचे दिसतात. पुस्तकातला ल येत असूनही मोबाइलवर तो ओळखू आला नाही तर घाबरू नका, दोन्ही शेजारी लिहून दाखवा. रफार आणि जोडाक्षरं सगळ्यात शेवटी.

चूक सुधारताना लाल पेन नको, खोडणं नको. खाली बरोबर लिहा, त्या बघतील. टाळ्या, चांदण्या, लहान मुलांना म्हणतो तसं "शाब्बास" हेही नको. "आता हे तुमचं तुम्हाला जमलं" एवढं पुरे. आणि "समजलं का?" हा प्रश्न कायमचा विसरा, त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. "मला दाखवा" म्हणा. पहिला महिना कुणालाही एकटं उभं करून वाचायला लावायचं नाही.

पडताळा (तिसऱ्या आठवड्यात): नावातली अक्षरं सुट्या चिठ्ठ्यांवर लिहा, विस्कटा आणि लावायला सांगा. लावता आली नाहीत तर ती बाई नाव लिहीत नाही, नावाचं चित्र काढते आहे. ही फार जुनी आणि फार सर्रास होणारी फसगत आहे. सही येते म्हणून साक्षर धरलेली कितीतरी माणसं इथेच थांबलेली असतात.

## टप्पा ७: आकडे

त्यांना मोजता येतं, लिहिता येत नाही. म्हणून एक ते शंभर म्हणून घेत बसू नका.

मराठीत खरी अडचण वेगळीच आहे. त्रेपन्न म्हणताना तीन आधी ऐकू येतो, पन्नास नंतर. ऐकू येतं त्या क्रमाने लिहिलं की ३५ होतं. ही बुद्धीची चूक नाही, कानाने केलेली आहे. उपाय नोटांचा: दहाच्या पाच नोटा डावीकडे, एकची तीन नाणी उजवीकडे, त्याखाली ५ आणि ३. आठ-दहा दिवस रोज नोटा मांडल्या की हात आपोआप आधी नोटांकडे जातो. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये "पन्नास तीन" अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. प्रौढांच्या वर्गात मी ती कुबडी म्हणून बिनदिक्कत वापरते, फक्त लिहिताना. बोलताना त्रेपन्नच. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणऐंशी यांना वेगळा दिवस द्या.

आकड्यांची दोन्ही रूपं शिकवा, पण आधी एक पक्कं करून मग दुसरं. मोबाइल, नोटा आणि बँक इंग्रजी आकड्यांत चालतात, पंचांग आणि बऱ्याच पाट्या मराठीत. आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि आपला ४ इंग्रजी आठसारखा. चुकीच्या बसमध्ये चढायला एवढं पुरतं.

सरावाला खाड्यांची वही उत्तम. महिन्याचे चौकोन आखून द्या, रोज गेल्यावर खूण आणि खाडा झाला तर फुली. महिनाअखेर वजाबाकी त्या स्वतःच करतील, कारण पैसे त्यांचे आहेत.

## टप्पा ८: खाडे सुरू झाले की

एक दिवस न येणं म्हणजे काही नाही. दोन दिवस, निरोप पाठवा. तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः घरी जा, पण रिकाम्या हाताने आणि "का आला नाहीत?" न विचारता. बसा, पाणी प्या, चार गोष्टी बोला. उठताना सांगा, "आपण अजून फक्त दोनच अक्षरं पुढे गेलोय." मागे राहिल्याची भीती बाईला घरी बसवते आणि रोज वाढत जाते. आठवड्याने गेलात तर उशीर झालेला असतो.

दर शुक्रवारी नवं काही शिकवू नका, आठवड्याचीच उजळणी. बुडालेल्यांना त्या दिवशी आत येता येतं.

जपून: न येणाऱ्यांची नावं व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकू नका. कोणी तरी त्यांना वाचून दाखवेलच.

## टप्पा ९: वर्गाबाहेर

दहाव्या-बाराव्या आठवड्यात सगळ्यांना घेऊन बसस्टँडवर जा. पाट्या वाचा, कुणी मोठ्याने, कुणी मनात. औषधाच्या दुकानात पाकिटावरची मुदत शोधा. बँकेची पैसे काढायची कोरी स्लिप आणून वर्गात भरून बघा.

जपून, हे फार महत्त्वाचं: सही यायला लागली म्हणून थेट बँकेत जाऊन सही करू नये. खात्यावर अंगठ्याची नोंद असेल तर आधी अर्ज करून सहीचा नमुना बदलून घ्यावा लागतो. तो बदलेपर्यंत अंगठाच चालवा. आमच्या एक काकू मोठ्या हौसेने सही करून आल्या आणि खिडकीवरून स्लिप परत आली. सगळ्या रांगेसमोर. चूक माझी होती, मी सांगायला हवं होतं. आणि सही एकदा ठरली की रोज तशीच येते का ते महिनाभर बघा, मगच नमुना द्या. पिन आणि ओटीपी तुम्हालाही सांगायचा नाही, हा नियम पहिल्यांदा तुम्हीच मोडू नका. "बाई, तुम्हीच टाका ना" म्हटलं तरी तोंड फिरवून उभं राहायचं.

"उल्लास"मध्ये नोंद केली असेल तर पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाची चाचणी असते. १५० गुण: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात. आधी एकदा चाचणी होणाऱ्या शाळेतच, तिथल्याच बाकांवर बसवून सराव घ्या. तिथले बाक लहान असतात, वर्गात कधी न बसलेल्या माणसाचे हात गार पडतात. चष्मा आणि जाड पेन स्वतः आठवणीने न्या. जिचं मन नाही तिच्यावर चाचणी लादू नका.

पुढे ज्यांना खरंच शिकायचं आहे आणि पूर्वी शाळा अर्धवट सुटली आहे त्यांच्यासाठी दहावीचा १७ नंबरचा फॉर्म आहे, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा. बाकीच्यांना वाचायला काही तरी मिळत राहायला हवं, नाहीतर सहा महिन्यांत सगळं पुसलं जातं. एक खोकं ठेवा: जुने पेपर, लग्नपत्रिका, आरत्यांची पुस्तकं, औषधांच्या चिठ्ठ्या. आरती पाठ असते, त्यामुळे बोट ठेवून वाचताना शब्द आपोआप जुळत जातो. सगळ्यात जास्त फाटतात ती आरतीचीच पुस्तकं.

सुगीला किंवा लग्नसराईला वर्ग बंद ठेवावाच लागतो. बंद करण्याआधी पुन्हा उघडायची तारीख ठरवा. ती तोंडी सांगू नका. प्रत्येकीला घरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, गॅस आणि दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, त्या तारखेच्या चौकोनात स्वतःच्या हाताने "वर्ग" असं लिहायला सांगा. "वर्ग"मध्ये रफार आहे. तो आधी शिकवून घ्या.